वेष, चेहरा आणि नाव : चाहत्याच्या छायाचित्राविषयी

आवडत्या पात्राचा वेष घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचे छायाचित्र हे कोणाचे छायाचित्र मानावे, पात्राचे की माणसाचे? ‘कॉसप्ले’ या प्रथेच्या अभ्यासात हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतो. ‘कॉस्च्यूम’ व ‘प्ले’ यांचा संकोच करून हा शब्द जपानी लेखक नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३च्या सुमारास रूढ केला. प्रथा मात्र शब्दाहून जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनास फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे भविष्यकालीन पोशाखांत आले होते. दोन्ही पोशाख डग्लसबाईंनीच शिवलेले. कीर्ती मात्र दीर्घकाळ अ‍ॅकरमन यांच्या वाट्याला आली. या परंपरेत नावाचा प्रश्न असा आरंभापासूनच आहे.

अमेरिकन छायाचित्रकार एलेना डॉर्फमन यांच्या ‘फॅन्डोमेनिया’ (२००७) या संग्रहात वेषधारी चाहते संमेलनाच्या गर्दीतून बाजूला काढून काळ्या पार्श्वभूमीवर उभे केले आहेत. त्यामुळे रंगाखालचा चेहरा आणि त्यावरचा अवघडलेपणा स्पष्ट दिसतो. परंतु चाहतेपण ही मूलतः समूहाची गोष्ट असून तो समूहच चौकटीबाहेर जातो. चिनी कलावंत काओ फेई यांच्या ‘कॉसप्लेयर्स’ (२००४) या कृतीत ग्वांगझौमधील तरुण त्याच वेषात घरी परततात आणि वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसतात. चाहत्याचे जगणे या दुसऱ्या चित्रणात अधिक उमटले आहे, असे म्हणावे लागते.

भारतात ‘कॉमिक कॉन’ हा सोहळा २०११ साली दिल्लीत सुरू झाला. चेन्नईत तो फेब्रुवारी २०२४मध्ये नंदंबाक्कम येथील व्यापार केंद्रात भरला. परंतु या शहरातील चाहतेपणाचा इतिहास तेथून सुरू होत नाही. उपनगरी रेल्वेने नुंगंबाक्कमनंतर येणारे स्थानक कोडंबाक्कमचे. तमिळ चित्रपटसृष्टीला ‘कॉलिवूड’ हे नाव याच वस्तीवरून मिळाले. एम. जी. रामचंद्रन यांचे निधन १९८७ साली झाले. त्यांची पांढरी टोपी आणि काळा चष्मा धारण केलेले चाहते त्यानंतरही सभांतून आणि प्रचारातून वावरत राहिले. याहून लक्षणीय आहे तो चाहत्यांनी उभारलेला फलक. नायकाच्या भव्य प्रतिमेखाली संघाच्या सदस्यांची लहान छायाचित्रे नावांसह ओळीने छापलेली असतात. रूस खेरित्सेन यांनी २०१९च्या आपल्या ग्रंथात या फलकांचा सविस्तर विचार केला आहे. येथे चाहता नायकाचा वेष घेत नाही. तो नायकाच्या चौकटीत स्वतःचा चेहरा आणि नाव घेऊन प्रवेश करतो. फलकावरील ही जागा त्याला गल्लीत प्रतिष्ठा देते, कधी राजकारणाचे दारही उघडते.

मराठी अभ्यासकाला हे शहर वाटते तेवढे परके नाही. सी. एन. अण्णादुराई यांच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका करणाऱ्या गणेशन यांना ‘शिवाजी’ हे नाव मिळाले आणि तेच कायम राहिले. उलट, बंगळूरच्या मराठी घरातील शिवाजीराव गायकवाड १९७५ साली के. बालचंदर यांच्या चित्रपटात आले ते ‘रजनीकांत’ होऊन. एकाला भूमिकेने नाव दिले, दुसऱ्याचे पडद्याने बदलले.

महाराष्ट्रात या इतिहासाचे सर्वांत समृद्ध प्रकरण बालगंधर्वांचे आहे. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी, ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू या भूमिकांतील त्यांची छायाचित्रे नाटकगृहाबाहेर दूरवर पोहोचली. त्यांच्या लुगड्याची नेस, पदर घेण्याची रीत, केसांतील फुले यांचे अनुकरण सुशिक्षित घरांतील स्त्रिया करू लागल्या. अनुकरण अर्थातच भामिनीचे आणि रुक्मिणीचे. सिंधूच्या दारिद्र्याचे नव्हे. कुलीन स्त्रीला रंगभूमीवर उभे राहण्याची मोकळीक नसण्याच्या त्या काळात, एका पुरुषाने घडविलेली स्त्रीची प्रतिमा स्त्रियांनी आपल्या देहावर उतरवून घेतली. केवळ फॅशन म्हणून या घटनेची बोळवण करणे हा आळस होय. वेष स्वतःच्या अंगावर घेऊन पात्राशी नाते जोडणे ही चाहत्याचीच कृती आहे, मग त्यासाठी संमेलन भरलेले असो वा नसो.

तरीही रंगभूमीच्या इतिहासात जतन झाली ती प्रामुख्याने नटाची छायाचित्रे. त्याचे अनुकरण करणारी प्रेक्षक-स्त्री कौटुंबिक छायाचित्रसंग्रहात आहे : स्टुडिओतील खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, पदर नेटका सावरून उभी. कॉसप्लेच्या छायाचित्राखाली बहुधा पात्राचे नाव असते, धारण करणाऱ्याचे नसते. येथे उलट आहे. खाली लिहिलेले असते ते तिचे, किंवा तिच्या यजमानांचे नाव. पदराची रीत कोणत्या नाटकातून आली, याची नोंद कोणी केलेली नसते. नाट्यसंग्रहालयांच्या सूचीत अशा छायाचित्रांसाठी सदर नाही, आणि कुटुंबे जुनी घरे सोडताना हे संग्रह रद्दीबरोबर जात आहेत.