तंबूतली ट्रम्पेट

साल 1952. भात झोडून झालंय आणि मोखाड्याच्या थंडीत तुम्ही घोंगडी पांघरून टुरिंग टॉकीजच्या तंबूत भुईवर बसला आहात. चार वर्षांपूर्वीपर्यंत हा जव्हार संस्थानाचा मुलूख होता. आता ठाणे जिल्हा. पालघर व्हायला अजून 62 वर्षं आहेत. बाहेर इंजिन धडधडतंय. आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागतो. भारदस्त आवाज देशाला शिकवत राहतो, शेजारचा म्हातारा निवांत विडी ओढत राहतो.

मग ‘अलबेला’. भगवानदादा त्या आळसावलेल्या ऐटीत हलतात आणि पोरं बसल्या जागी कमरेतून डुलू लागतात. एका गाण्यात पडद्यावर खुद्द चिक चॉकलेटचा बँड येतो. चिक म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियेर वाझ. म्हातारा विडी विझवतो. तो तारपकरी आहे, तारपा हे आदिवासींचं फुंकवाद्य वाजवणारा, म्हणून चेहरा सोडून वादकाचे गाल बघतो. तारपा वाजवताना गालात साठवलेली हवा आत ढकलत नाकानं श्वास घ्यायचा असतो, सूर तुटता कामा नये. हा ट्रम्पेटवाला मात्र मध्येच दम घेतो! म्हाताऱ्याला ते नापसंत आहे.

पण हा ठेका आला कुठून? आणखी मागं चला: 1935, मुंबईचं ताजमहाल हॉटेल. अमेरिकन वादक लिऑन ॲबीचा जॅझ बँड वाजतोय. ट्रम्पेट सवाल टाकते, सॅक्सोफोन जवाब देतात. जोडीतला पहिला सूर लांबतो, दुसरा आखडतो, आणि त्या लंगडीतच स्विंगची सारी गंमत आहे. पुढे चिकसारखे गोव्याचे वादक याच हॉटेलात स्वतःचे बँड घेऊन उभे राहिले. मग मुंबई राज्यात दारूबंदी आली. हॉटेलांची रया गेली, वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. (त्याच कायद्यानं इथली मोहाची दारूही चोरटी झाली, म्हाताऱ्यासमोर तो विषय नको.) ‘अलबेला’चे संगीतकार, पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी चिकना साहाय्यक म्हणून घेतलं, आणि स्विंगमध्ये लॅटिन ठेके मिसळून जे रसायन झालं ते आता या तंबूत घुमतंय. माहितीपट ज्या विषयाला शिवला नाही, तो मोखाड्याला भगवानदादा शिकवताहेत, तेही परीक्षेविना.

खेळ संपतो. म्हातारा उठून थेट ऑपरेटरकडे जातो: तो फुंकणारा परत दाखव, दम कुठं घेतो ते बघायचंय.

ऑपरेटर रीळ गुंडाळता गुंडाळता म्हणतो, “उद्या या बाबा. तिकीट काढून.”