ओलिव्हिए मेसियाँ

ओलिव्हिए मेसियाँ (१० डिसेंबर १९०८, आव्हिन्यों – २७ एप्रिल १९९२, क्लिशी) हे फ्रेंच संगीतरचनाकार, चर्चमधील ऑर्गनवादक, संगीतशिक्षक व पक्षिगानाचे अभ्यासक होते. पॅरिसमधील सँत त्रिनिते या कॅथलिक चर्चचे प्रमुख ऑर्गनवादक म्हणून त्यांनी १९३१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ सेवा केली. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य संगीताला नवे वळण देणाऱ्या मोजक्या रचनाकारांत त्यांची गणना होते. त्यांच्या लयविचारामागील एक प्रमुख आधार म्हणजे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात नोंदवलेले देशी ताल होत.

बालपण व शिक्षण

मेसियाँ यांचे वडील पिएर हे इंग्रजीचे अध्यापक होते व त्यांनी शेक्सपिअरच्या नाटकांचे फ्रेंचमध्ये भाषांतर केले. आई सेसील सोव्हाज या कवयित्री होत्या. ओलिव्हिए यांच्या जन्माआधी, गरोदरपणात त्यांनी होणाऱ्या बाळाला उद्देशून एक कवितामालिका लिहिली होती. या कवितांनी आपले भवितव्य घडवले, असे मेसियाँ पुढे आवर्जून सांगत. पहिल्या महायुद्धात वडील आघाडीवर गेल्यावर आई मुलांना घेऊन ग्रनोब्ल येथे राहिली. तेथील आल्प्स पर्वताच्या परिसराशी मेसियाँ यांचे जन्माचे नाते जडले. घरात धर्मनिष्ठेचे विशेष वातावरण नव्हते. मेसियाँ यांची श्रद्धा मात्र लहानपणापासून दृढ होती व ती अखेरपर्यंत डळमळली नाही.

दहाव्या वर्षी एका शिक्षकांनी त्यांना देब्युसी यांच्या 'पेलेआस ए मेलिसांद' या ऑपेराची स्वरलिपी भेट दिली. १९१९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांना पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात (कॉन्झर्व्हातवार) प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी मार्सेल द्युप्रे यांच्याकडे ऑर्गन व उत्स्फूर्त वादन, पॉल द्युकास यांच्याकडे रचनाशास्त्र आणि मोरिस एमान्युएल यांच्याकडे संगीताचा इतिहास यांचे शिक्षण घेतले. प्राचीन ग्रीक छंद व युरोपबाहेरील स्वरसमूह यांची गोडी त्यांना एमान्युएल यांच्यामुळे लागली.

त्रिनितेचे ऑर्गनवादक

मराठी संगीत नाटकात साथीला वाजणारा पायभात्याचा ऑर्गन आणि चर्चमधील पाइप ऑर्गन ही दोन निराळी वाद्ये आहेत. पाइप ऑर्गनमध्ये धातूच्या व लाकडाच्या शेकडो-हजारो नळ्यांतून हवा सोडून स्वर उमटवले जातात. एकावर एक रचलेल्या स्वरपट्ट्या हातांनी व आणखी एक स्वरपट्टी पायांनी वाजवावी लागते. नळ्यांचे निरनिराळे संच उघडून वा बंद करून नादाचा रंग बदलता येतो. त्रिनितेतील वाद्य एकोणिसाव्या शतकातील विख्यात कारागीर आरिस्तीद कावाये-कॉल यांनी घडवलेले होते. मेसियाँ यांच्या कारकिर्दीत त्याचा विस्तारही करण्यात आला.

तेथील वादक शार्ल केफ आजारी असल्याने मेसियाँ १९२९ पासून बदली वादक म्हणून जात. केफ यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांची त्या पदावर नेमणूक झाली. एवढ्या तरुण व नव्या वळणाच्या संगीतकाराला पॅरिसमधील मोठ्या चर्चचे ऑर्गन सोपवणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. त्यांचे कर्कश वाटणारे स्वरमेळ धर्मग्रामातील अनेक भाविकांना रुचत नसत व तक्रारीही होत. मेसियाँ यांनी त्यावर काढलेला तोडगा त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. रविवारच्या मुख्य मिस्साला ते ग्रेगोरियन गायनावर, म्हणजे लॅटिनमधील प्राचीन एकपदरी चर्चगायनावर, आधारलेले वादन करीत. त्यानंतरच्या मिस्साला जुन्या आचार्यांच्या रचना वाजवीत. दुपारच्या मिस्साला स्वतःचे संगीत सादर करीत आणि सायंप्रार्थनेत उत्स्फूर्त वादन करीत. आपले संगीत भाविकांवर लादण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही, तसेच त्यांच्यासाठी ते सौम्यही केले नाही.

ऑर्गनसाठी त्यांनी लिहिलेल्या बहुतेक रचना चर्चवर्षातील सणांशी वा धर्मतत्त्वांशी निगडित आहेत. 'ल बांके सेलेस्त' (स्वर्गीय भोजन, १९२८) ही त्यांची पहिली प्रकाशित रचना इतक्या विलंबित गतीने चालते की ऐकणाऱ्याला काळ थांबल्याचा भास व्हावा. 'ला नातिव्हिते द्यू सेन्यर' (प्रभूचा जन्म, १९३५) या नऊ रचनांच्या मालिकेत त्यांची परिपक्व शैली प्रथम पूर्णपणे प्रकटली. 'ले कॉर ग्लोरिए' (१९३९), 'पेंटेकॉस्टचा मिस्सा' (१९५०), 'लिव्र दॉर्ग' (१९५१), पवित्र त्रैक्याच्या रहस्यावरील चिंतने (१९६९) व अठरा भागांची 'लिव्र द्यू सँ साक्रमाँ' (१९८४) या त्यांच्या अन्य महत्त्वाच्या ऑर्गनरचना होत. 'पेंटेकॉस्टचा मिस्सा' हा त्रिनितेतील वीस वर्षांच्या उत्स्फूर्त वादनाचा अर्क असल्याचे त्यांनी सांगितले आहे.

देशी ताल व लयविचार

विद्यार्थिदशेत मेसियाँ यांच्या हाती लाव्हिन्याक यांनी संपादिलेल्या संगीतकोशातील भारतीय संगीतावरील प्रकरण पडले. जोआनी ग्रोसे यांनी लिहिलेल्या या प्रकरणात 'संगीतरत्नाकर'च्या तालाध्यायातील १२० देशी तालांची यादी होती. शार्ङ्गदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. ग्रंथ मात्र देवगिरीच्या आश्रयाने लिहिला गेला. देवगिरी म्हणजे आजच्या महाराष्ट्रातील दौलताबाद. सातशे वर्षांनंतर हे ताल पॅरिसमधील एका ऑर्गनवर उमटले, हा संगीताच्या इतिहासातील एक विलक्षण प्रवास म्हणावा लागेल.

या तालांत मेसियाँ यांना मात्रांची विषम मांडणी आणि लघु, गुरू व प्लुत यांच्या मापात सूक्ष्म भर घालण्याची रीत आढळली. 'ढेंकी' या तालात गुरू, लघु, गुरू असा क्रम आहे. तो उलट वाचला तरी तसाच राहतो. विलोमपदासारख्या अशा लयबंधांना मेसियाँ यांनी 'उलटवता न येणारे ताल' असे नाव दिले. त्यांत त्यांना काळाच्या पलीकडे जाण्याची सूचना दिसे. आरंभ व शेवट एकच झाला की काळाला दिशा उरत नाही. स्वरांच्या बाबतीतही त्यांनी 'मर्यादित स्थानांतराचे' सात स्वरसमूह निश्चित केले. हे समूह काही वेळा वर सरकवले की पुन्हा मूळ स्वरच हाती येतात. या स्वरमेळांबरोबर आपल्या अंतश्चक्षूंपुढे ठरावीक रंग दिसतात, असेही ते सांगत. या सर्वांचे विवेचन त्यांनी १९४४ मधील 'माझ्या संगीतभाषेचे तंत्र' या ग्रंथात केले आहे.

मात्र मेसियाँ यांचा ताल हा हिंदुस्थानी संगीतातील ताल नव्हे. आपल्याकडे ताल हे आवर्तन असते. सम गाठणे हे त्याचे मर्म. मेसियाँ यांनी हे ताल छापील यादीतून घेतले व कालमूल्यांच्या ओळी म्हणून वापरले. त्यांत ठेका नाही आणि समही नाही. 'भारतीय प्रभाव' हा शब्दप्रयोग त्यांच्या संदर्भात सर्रास केला जातो, तो या मर्यादेतच खरा आहे.

युद्धबंदी छावणीतील चतुष्क

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये मेसियाँ जर्मनांच्या हाती सापडले व गर्लिट्स येथील 'श्टालाग ८-अ' या छावणीत त्यांची रवानगी झाली. तेथे त्यांना क्लॅरिनेटवादक आँरी आकोका, व्हायोलिनवादक झाँ ल बुलेर व चेलोवादक एत्येन पास्किए हे सहबंदी भेटले. संगीतप्रेमी पहारेकरी कार्ल-आल्बेर्ट ब्र्यूल यांनी कागद-पेन्सिलीची सोय करून दिली. या चौघांसाठी रचलेले आठ भागांचे 'काळाच्या अंतासाठी चतुष्क' १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत कैद्यांपुढे सादर झाले. बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकात काळ संपल्याची घोषणा करणाऱ्या देवदूताला ते अर्पण केले आहे. पहिल्या भागातील पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश या देशी तालांवर बेतलेली आहे, तर शेवटचा भाग त्यांच्याच १९३० मधील एका ऑर्गनरचनेवरून घेतला आहे.

या प्रयोगाला पाच हजार श्रोते होते व चेलोला तीनच तारा होत्या, असे मेसियाँ सांगत. चेलोला चारही तारा होत्या, असे स्वतः पास्किए यांनी नंतर स्पष्ट केले. सभागृहाच्या आकारावरून श्रोतेही काही शेच असावेत. दंतकथेचा हा भाग वगळला तरी त्या संध्याकाळचे मोल उणावत नाही.

अध्यापन व वाद

१९४१ मध्ये सुटका झाल्यावर मेसियाँ पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात स्वरमेळशास्त्र शिकवू लागले. रचनाशास्त्राचे अधिकृत अध्यापकपद मात्र त्यांना १९६६ मध्ये मिळाले. तोवर पिएर बुलेझ, कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन व यानिस क्सेनाकिस असे संगीतकार त्यांच्या वर्गातून गेले होते. वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या क्सेनाकिस यांना त्यांनी पारंपरिक पाठ गिरवण्याऐवजी आपल्या गणिताचाच संगीतात उपयोग करण्याचा सल्ला दिला.

१९४५ मध्ये त्यांच्या धार्मिक रचना व त्यांना जोडलेली अलंकारिक निवेदने यांवरून वृत्तपत्रांत जोरदार वाद झाला. तो 'मेसियाँ प्रकरण' म्हणून ओळखला जातो. पवित्र विषयासाठी हे संगीत अति इंद्रियलोलुप आहे, हा एक आक्षेप. तर नव्या संगीतात इतकी भाविकता कशाला, हा दुसरा. दोन्ही बाजूंचा रोष पत्करूनही मेसियाँ यांनी दिशा बदलली नाही. पुढे 'तुरंगलीला' ही दहा भागांची सिंफनी १९४९ मध्ये बॉस्टन येथे लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली सादर झाली. तिचे नाव 'तुरंग' व 'लीला' या संस्कृत शब्दांवरून घेतले आहे.

कौटुंबिक जीवन व पक्षिगान

१९३२ मध्ये त्यांचा विवाह व्हायोलिनवादक व रचनाकार क्लेर देल्बोस यांच्याशी झाला. पास्काल हा त्यांचा मुलगा. युद्धाच्या अखेरीस एका शस्त्रक्रियेनंतर क्लेर यांची स्मृती हरपत गेली व १९५९ मधील मृत्यूपर्यंत त्यांना शुश्रूषागृहात राहावे लागले. १९६१ मध्ये मेसियाँ यांनी आपली शिष्या, पियानोवादक इव्होन लोरिओ यांच्याशी विवाह केला.

१९५० नंतरच्या दशकात मेसियाँ पहाटे रानावनांत जाऊन पक्ष्यांचे आवाज स्वरलिपीत टिपून घेऊ लागले. 'पक्ष्यांची सूची' (१९५८) या तेरा पियानोरचनांत पक्ष्यांबरोबर त्यांचा परिसर आणि प्रहरही चितारलेला आहे. १९८३ मध्ये पॅरिस ऑपेरात सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली सादर झालेल्या 'असिसीचे संत फ्रान्सिस' या त्यांच्या एकमेव ऑपेरात संताने पक्ष्यांना केलेल्या उपदेशाचा दीर्घ प्रवेश आहे.

अखेर

मेसियाँ यांना इरॅस्मस पारितोषिक (१९७१), वुल्फ पारितोषिक (१९८२) व क्योतो पारितोषिक (१९८५) हे सन्मान लाभले. २७ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रनोब्लजवळील सँ-तेओफ्रे येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या थडग्यावरील शिळा पक्ष्याच्या आकाराची आहे. परलोकाच्या दर्शनावरील अकरा भागांची त्यांची अखेरची पूर्ण वाद्यवृंदरचना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्क फिलहार्मॉनिकने मुंबईत जन्मलेले संचालक झुबिन मेहता यांच्या नेतृत्वाखाली प्रथम सादर केली. त्रिनितेतील ऑर्गनवादकाचे पद १९९३ मध्ये नाजी हकीम यांच्याकडे गेले.