रत्नागिरी जिल्ह्यातील सैन्यभरती

रत्नागिरी जिल्ह्यातील सैन्यभरती हा महाराष्ट्राच्या कोकण विभागातून भारतीय सैन्यात शिपाई पदावर होणाऱ्या निवडीचा विषय आहे. त्यात दोन वेगवेगळे प्रश्न येतात. अर्ज करणाऱ्या तरुणांपैकी किती जण पात्र ठरतात, हा पहिला. आणि पात्र ठरून दाखल झालेल्यांपैकी किती जण मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करतात, हा दुसरा. बोलण्यात हे दोन्ही प्रश्न बहुधा एकत्र केले जातात आणि ‘सैन्याचे प्रशिक्षण फार कठीण, त्यात बरेच गळतात’ असे म्हटले जाते. उपलब्ध आकडे याच्या उलट चित्र दाखवतात. मोठी गळती प्रशिक्षण केंद्राच्या दाराबाहेर होते. दारातून आत गेलेल्यांपैकी बहुतेक जण शपथ घेऊनच बाहेर पडतात.

प्रशासकीय रचना

रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर येथील सैन्य भरती कार्यालयाच्या कक्षेत येतो. याच कार्यालयाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे तसेच उत्तर व दक्षिण गोवा आहेत. त्यावरील विभागीय मुख्यालय पुण्यात असून महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा ही राज्ये त्याच्या अखत्यारीत आहेत. भरती मेळाव्याचे ठिकाण कार्यालयाच्या कक्षेतील जिल्ह्यांमधून निवडले जाते. त्यामुळे कोकणातील उमेदवाराला अनेकदा घाट चढावा लागतो. रत्नागिरी शहराकडून येणारा रस्ता हातखंबा तिठ्यावर मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो आणि पुढे पालीहून नाणीज, साखरपा व आंबा घाट या मार्गाने कोल्हापूरला जातो. पहाटेच्या धावचाचणीसाठी रत्नागिरी तालुक्यातील मुले आदल्या दिवशीच या रस्त्याने निघतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई इलाख्याच्या सैन्यात कोकणातील शिपायांचा भरणा मोठा होता. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचा उगम १७६८ मध्ये उभारलेल्या ‘बॉम्बे सिपॉय’ पलटणीत आहे. ब्रिटिशांच्या लष्करी छावणीमुळे दापोलीला ‘कॅम्प दापोली’ हे नाव पडले.

त्या काळातील पात्रतेचा निकष केवळ शरीरबळ हा नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यातील महार समाजाने मुंबईच्या सैन्यात अनेक पिढ्या चाकरी केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जाती’ ही कल्पना सरकारी धोरणात रुजली आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद करण्यात आली. निवृत्त लष्करी सेवक गोपाळबाबा वलंगकर यांनी या निर्णयाविरुद्ध अर्ज तयार केला. जो समाज आधीच्या पिढीपर्यंत पात्र होता, तो कोणतीही चाचणी न होता एका आदेशाने अपात्र ठरला. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड निर्माण होताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली, पण युद्धानंतर ती मोडण्यात आली. महार रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे झाली. पात्रतेची टक्केवारी वाचताना हा इतिहास दुर्लक्षून चालत नाही, कारण चाळणीची भोके किती मोठी ठेवायची हे चाळणी धरणारा ठरवतो.

निवडीचे टप्पे

जून २०२२ पासून शिपायांची भरती अग्निपथ योजनेखाली होते. या योजनेतील सैनिकास ‘अग्निवीर’ म्हणतात. योजना सुरू झाली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते २१ वर्षे होती आणि केवळ २०२२ या वर्षासाठी ती २३ पर्यंत वाढवण्यात आली होती. सामान्य कर्तव्य या पदासाठी दहावी उत्तीर्ण, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के गुण आवश्यक आहेत. काही ट्रेड्समन पदांसाठी आठवी उत्तीर्ण उमेदवारही चालतो.

पूर्वी मैदानी चाचणी आधी, नंतर वैद्यकीय तपासणी आणि शेवटी लेखी परीक्षा असा क्रम होता. २०२३ पासून तो बदलला. आता संगणकावरील सामाईक प्रवेश परीक्षा प्रथम होते आणि तीत निवडलेल्यांनाच मेळाव्याला बोलावले जाते. या बदलाने गर्दी आटोक्यात आली. मात्र गळतीची जागाही बदलली. पूर्वी बहुसंख्य उमेदवार धावण्याच्या मैदानावर बाद होत, आता ते मैदान पाहण्याआधीच बाद होतात. त्यामुळे २०२३ पूर्वीच्या आणि नंतरच्या मेळाव्यांतील उत्तीर्णांच्या टक्केवारीची सरळ तुलना करता येत नाही. २०२५ पासून ही परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते. मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या उमेदवाराच्या दृष्टीने ही सोय उंचीतील एखाद्या सेंटिमीटरच्या सवलतीपेक्षा कमी महत्त्वाची नाही.

मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धाव मुख्य असते. २०२२-२३ च्या अधिसूचनांनुसार साडेपाच मिनिटांत धाव पूर्ण करणाऱ्यास ६० गुण आणि त्यानंतरच्या १५ सेकंदांत पोहोचणाऱ्यास ४८ गुण मिळत. पुढे या वेळेत काही सवलत देण्यात आली. पुल-अप्स दहा काढल्यास ४० गुण मिळतात, सहापेक्षा कमी काढल्यास उमेदवार बाद होतो. नऊ फुटी खड्डा ओलांडणे आणि नागमोडी तुळईवर तोल सांभाळणे या चाचण्यांना गुण नाहीत, पण त्या पार करणे अनिवार्य आहे. महाराष्ट्रातील सामान्य कर्तव्य पदाच्या उमेदवाराची उंची १६८ सेंटिमीटर, तर छाती ७७ सेंटिमीटर असून ती पाच सेंटिमीटर फुगावी लागते. अनुसूचित जमातींतील उमेदवार, तसेच सैनिक व माजी सैनिकांचे पुत्र यांना मापांत सवलत आहे. उंचीची अट ही सरावाने न बदलणारी एकमेव मैदानी अट असल्याने तीवर बाद होणाऱ्याला पुढील प्रयत्नाचा उपयोग नसतो. भरती अकादमीत पैसे भरण्यापूर्वी घरीच भिंतीला टेकून उंची मोजली, तर अनेकांचे एक वर्ष वाचू शकते.

ग्राउंड निघाले तरी ‘मेडिकल’ बाकी राहते. गुडघे एकमेकांना लागणे, सपाट तळवे, कोपराचा जास्त कोन, पायांच्या फुगलेल्या शिरा, रंगांधळेपणा, दृष्टिदोष, कानातील मळ किंवा पडद्याचे छिद्र आणि दातांची कमतरता ही अपात्रतेची नेहमीची कारणे आहेत. त्यांपैकी कानातील मळासारखी कारणे तात्पुरती असतात. अशा उमेदवाराला लष्करी रुग्णालयात फेरतपासणीची संधी मिळते. गोंदणाबाबत नियम स्पष्ट आहे: ते हाताच्या आतील बाजूस कोपर ते मनगट या भागात किंवा तळहाताच्या पाठीमागे चालते, अन्यत्र ते अपात्रतेचे कारण ठरू शकते. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार यात सूट आहे.

सर्व टप्पे पार करणारा प्रत्येक जण निवडला जातोच असे नाही. पात्र ठरणे आणि गुणवत्ता यादीत येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. यादीची लांबी त्या वर्षाच्या जागांवर अवलंबून असते.

पात्रांचे प्रमाण

राज्यांना मिळणारा वाटा ‘भरतीयोग्य पुरुष लोकसंख्या’ या मोजमापाने ठरतो आणि ती एकूण पुरुष लोकसंख्येच्या दहा टक्के धरली जाते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. त्यांत पुरुष सुमारे ७.६१ लाख होते, म्हणजे या मापाने भरतीयोग्य पुरुष सुमारे ७६ हजार. देशातील सुमारे ६२.३ कोटी पुरुषांशी तुलना केल्यास जिल्ह्याचा हिस्सा ०.१२ टक्के येतो. भूसेनेने अग्निपथच्या पहिल्या वर्षासाठी ४०,००० जागा जाहीर केल्या होत्या. त्यांत या हिशेबाने जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे ४९ जागा येतात. जिल्हावार राखीव कोटा नसल्याने प्रत्यक्ष संख्या कमी-अधिक असते, परंतु संधीचा आवाका यावरून कळतो. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत. मुंबईकडे होणाऱ्या स्थलांतरामुळे गावात उरलेल्या तरुणांची संख्या आधीच कमी आहे, आणि तीच संख्या या मोजमापाचा आधार आहे.

देशपातळीवरील स्पर्धा आकड्यांत स्पष्ट दिसते. २०२२ मध्ये वायुसेनेकडे सुमारे ३,००० जागांसाठी ७,४९,८९९ अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे सुमारे २५० अर्ज. नौदलाकडे जवळपास तितक्याच जागांसाठी साडेनऊ लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या, त्यांत ८० हजारांवर महिला होत्या.

भूसेनेने २०१८-१९ मध्ये ५३,४३१ आणि २०१९-२० मध्ये ८०,५७२ जणांची भरती केली. पुढील दोन वर्षांत, कोविड-१९ च्या साथीमुळे, ही संख्या शून्य राहिली. २०२०-२१ मध्ये नियोजित ९७ मेळाव्यांपैकी ४७ झाले, परंतु बहुतेकांच्या लेखी परीक्षा झाल्याच नाहीत. धाव आणि वैद्यकीय तपासणी पार केलेले हजारो उमेदवार परीक्षेची वाट पाहत राहिले. जून २०२२ मध्ये नवी योजना येताच जुनी प्रक्रिया रद्द झाली आणि त्यांना नव्याने अर्ज करण्यास सांगण्यात आले. जुनी प्रक्रिया पूर्ण करावी या मागणीच्या याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळल्या. त्याविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२३ रोजी अमान्य केली. शरीराने पात्र ठरलेला हा वर्ग भरतीच्या आकडेवारीत कोठेही दिसत नाही. त्यांतील अनेकांचे वय दरम्यान उलटले होते.

मूलभूत प्रशिक्षण आणि त्याची पूर्तता

निवड झालेला उमेदवार ज्या दलात वा रेजिमेंटमध्ये दाखल होतो, तिच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण होते. कोकणातील उमेदवारांशी सर्वाधिक निगडित केंद्र म्हणजे बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर. ते १९२२ पासून तेथे आहे. याशिवाय नाशिक रोड येथील तोफखाना केंद्र, खडकीचे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आणि अहिल्यानगर येथील केंद्रे राज्यातच आहेत.

अग्निवीरांचे प्रशिक्षण ३१ आठवड्यांचे असते. त्यांपैकी पहिले १० आठवडे मूलभूत आणि उरलेले २१ आठवडे प्रगत प्रशिक्षणाचे असतात. पहिल्या भागात कवायत, व्यायाम, शस्त्रांची हाताळणी, गोळीबार आणि नकाशावाचन यांवर भर असतो. शस्त्र व साहित्यासह पाच किलोमीटर धाव आणि दोरावरून चढणे या चाचण्या उत्तीर्ण व्हाव्याच लागतात. एखाद्या चाचणीत मागे पडलेल्या रिक्रूटला लगेच घरी पाठवले जात नाही. त्याला पुढील तुकडीत घालून पुन्हा संधी दिली जाते. दुखापत किंवा आजारामुळे मागे राहिलेल्यांनाही हेच लागू होते. वारंवार अनुत्तीर्ण होणारे, वैद्यकीय श्रेणी कायमची घसरलेले आणि कागदपत्रे खोटी ठरलेले रिक्रूट मात्र सेवेतून कमी केले जातात. शेवटी कसम परेड होते. राष्ट्रध्वज आणि धर्मग्रंथांच्या साक्षीने शपथ घेतल्यावर रिक्रूट शिपाई होतो, आणि पालकांना गौरव पदक दिले जाते.

पूर्ततेचे प्रमाण काढण्यास अग्निपथची पहिली तुकडी उपयोगी आहे. वायुसेनेच्या सुमारे २,८५० अग्निवीरवायूंनी डिसेंबर २०२२ च्या अखेरीस बेळगावजवळील सांबरा येथील विद्यालयात प्रशिक्षण सुरू केले आणि २,६०० हून अधिक जण जून २०२३ मध्ये दीक्षान्त संचलनात सहभागी झाले. नौदलाच्या ‘आयएनएस चिल्का’ या ओडिशातील केंद्रात ३४१ महिलांसह सुमारे ३,००० जण दाखल झाले होते. २८ मार्च २०२३ रोजी तेथून सुमारे २,६०० जण बाहेर पडले, त्यांत सुमारे २७० महिला होत्या. म्हणजे पूर्ततेचे प्रमाण ढोबळमानाने ८५ ते ९० टक्क्यांच्या वर आहे. उरलेल्या संख्येत पुढील तुकडीत पाठवलेले रिक्रूटही धरलेले असतात, म्हणून तिला सरसकट ‘गळती’ म्हणणे योग्य नाही. अर्जांच्या पातळीवर अडीचशेंत एक आणि प्रशिक्षणात दहांत साडेआठ-नऊ, असे हे दोन वेगळे जग आहे.

महिलांसाठी भूसेनेत शिपाई स्तरावरील दार २०१९ मध्ये लष्करी पोलीस दलाच्या रूपाने उघडले. पहिल्या १०० जागांमधून ८३ महिलांची तुकडी ६१ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर ८ मे २०२१ रोजी बंगळुरू येथून बाहेर पडली.

अन्य देशांशी तुलना

अमेरिकेत परिस्थिती नेमकी उलटी आहे. तेथील संरक्षण विभागाच्या २०२० च्या अभ्यासानुसार १७ ते २४ वयोगटातील ७७ टक्के तरुण सवलतीशिवाय भरतीस अपात्र होते. लठ्ठपणा हे त्यांतील प्रमुख कारण. २०२२ मध्ये तेथील भूसेनेला ६०,००० च्या उद्दिष्टापैकी सुमारे ४५,००० जणच मिळाले. त्यामुळे वजन किंवा परीक्षेतील गुण थोडक्यात कमी पडणाऱ्यांसाठी फोर्ट जॅक्सन येथे पूर्वतयारी अभ्यासक्रम सुरू करण्यात आला. तेथे सरकार उमेदवाराला तयार करते. कोकणात ही तयारी उमेदवार स्वखर्चाने, गावच्या रस्त्यावर पहाटे धावून किंवा खासगी अकादमीत शुल्क भरून करतो.

प्रशिक्षणानंतर

अग्निवीराचा सेवाकाळ प्रशिक्षणासह चार वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये वेतन असून त्यातील ३० टक्के सेवानिधीत जमा होतात. सरकारी वाट्यासह सुमारे ११.७१ लाख रुपये मुदतीअखेर मिळतात, निवृत्तिवेतन मिळत नाही. अपवादात्मक कारणाखेरीज स्वतःहून मध्येच सेवा सोडता येत नाही. प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. इतरांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत दहा टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर झाला होता. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या आरंभी पूर्ण होतात.