गोड्या पाण्यात टिकलेली जहाजे, खाऱ्या पाण्यात विरलेले आरमार

१/ मराठ्यांच्या आरमारातील एकही लाकडी नौका आज आपल्याला पाहता येत नाही. याउलट कॅनडातील एका सरोवरात १८८५ साली बुडालेले लाकडी जहाज पाणबुड्यांना अगदी जवळून न्याहाळता येते. हा फरक का पडला? उत्तर शोधताना आपल्याला कशेळ्यापर्यंत यावे लागेल. #थ्रेड

२/ ह्यूरन सरोवराच्या काठी टोबरमोरी नावाचे गाव आहे. तेथील बिग टब बंदरात 'स्वीपस्टेक्स' हे १८६७ साली बांधलेले दोन डोलकाठ्यांचे जहाज सुमारे ६ मीटर खोलीवर विसावले आहे. डोलकाठ्या गेल्या, सांगाडा मात्र बराचसा शाबूत आहे.

३/ याहून विलक्षण उदाहरण ऑन्टॅरियो सरोवरातले. ८ ऑगस्ट १८१३ रोजी 'हॅमिल्टन' आणि 'स्कर्ज' ही दोन अमेरिकी युद्धजहाजे वादळी झोताने उलटली. तेव्हा पुण्यात दुसरे बाजीराव पेशवेपदी होते. १९७३ मध्ये ती सुमारे ९० मीटर खोलीवर सापडली : उभी, डोलकाठ्यांसह, तोफांसह. हौशी स्कूबा डायव्हिंगची मर्यादा साधारण ४० मीटर. म्हणून ती कॅमेऱ्यांनीच पाहावी लागतात.

४/ हे कसे घडते? गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे अशा सरोवरांचा तळ उन्हाळ्यातही थंडगार राहतो आणि लाकूड कुजवणारे जीवाणू मंदावतात. पाणबुड्याला मात्र याची किंमत मोजावी लागते : अंग कोरडे ठेवणारा विशेष पोशाख हवा, अन्यथा शरीर गारठते, श्वासयंत्रात बर्फ धरण्याचाही धोका असतो.

५/ दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. समुद्रात 'टेरेडो' नावाचा जीव असतो. दिसतो किड्यासारखा, पण तो शिंपल्याच्या कुळातला. तो लाकूड आतून पोखरतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही. आपल्या उबदार अरबी समुद्रात त्याचे चांगलेच फावते. सागवान त्याला अधिक काळ तोंड देते, कायमचे नव्हे.

६/ आता कशेळ्याकडे वळू. येथून वाहणारी पेज नदी उल्हासला मिळते आणि उल्हास कल्याणवरून वसईच्या खाडीकडे जाते. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तेथे जहाजबांधणी सुरू झाली. मागे सह्याद्रीची वने, पुढे खाडी. जागेची निवड नकाशा पाहताच उमगते. रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर त्या कामावर होता, हे १६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांवरून कळते.

७/ लाकूड ही राज्याची चिंता होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद आहे. ती झाडे वाढायला पिढी जाते, हे त्यामागचे कारण.

८/ मग नौका गेल्या कुठे? काही टेरेडोने खाल्ल्या, काही जुन्या झाल्यावर मोडल्या, काही जळाल्या. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. 'रिस्टोरेशन' या आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून जिंकलेल्या जहाजाने पेट घेतला. ती आग पसरली आणि बंदरातले तुळाजी आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले.

९/ कोणी विचारेल, आपल्या गोड्या पाण्याचे काय? महाराष्ट्रात तसे खोल, थंड नैसर्गिक सरोवर नाही. कशेळ्याच्या वर घाटमाथ्यावर असलेला आंध्रा जलाशय टाटांच्या भिवपुरी वीजप्रकल्पासाठी बांधला गेला. तो प्रकल्प १९२२ चा. इंद्रायणीकडे जाणारे पाणी तेथून वळून पेजेत उतरते. त्याच्या तळाशी शिवकालीन नौका असणे शक्यच नाही.

१०/ म्हणून पुराव्याची अनुपस्थिती हा नौका नसल्याचा पुरावा ठरत नाही. पाण्याने काय राखावे आणि काय गिळावे, हे इतिहासकाराच्या हाती नसते. उरतात ते कागद, जलदुर्ग, तोफा आणि नांगर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना विजयदुर्गाजवळ दगडी नांगर मिळाले. आरमाराचा आकार अशाच साधनांवरून ताडावा लागतो. अभिमानाने तो फुगवणे आणि अवशेष नाहीत म्हणून नाकारणे, दोन्ही सारखेच चूक.

११/ एक शक्यता उरतेच. खाडीच्या घट्ट गाळात प्राणवायू पोहोचत नाही आणि टेरेडोही शिरत नाही. तेथे गाडले गेलेले लाकूड टिकू शकते. पण रेतीउपशाचा पंप चालला, की तो थरच उद्ध्वस्त होतो.

१२/ असे लाकूड वर आले तर ते उन्हात ठेवू नये. सुकताना ते आकसून तडकते. १९६१ साली समुद्रातून वर काढलेल्या स्वीडनच्या 'वासा' जहाजावर याच कारणासाठी १७ वर्षे रसायन फवारत राहावे लागले. ओले ठेवा, जागा नोंदवा, पुरातत्त्व विभागाला कळवा. कल्याणच्या खाडीतली एक फळीही कागदांत न सापडणारे बरेच काही सांगू शकेल.