ओंजळभर परीस

सात रस्त्यावर एका चहाच्या गाड्यापाशी मागच्या थंडीत आम्हा मित्रांचा वाद झाला. विषय हॅरी पॉटर. तिसऱ्या पुस्तकात (१९९९) हर्मायनीला काळ मागे फिरवणारं एक यंत्र मिळतं. कशासाठी, तर एकाच वेळी असलेल्या दोन-दोन तासांना तिला बसता यावं म्हणून. शाळकरी मुलीला हजेरीसाठी जे मिळतं, ते माणसं मरत असताना मोठ्यांपैकी कुणालाच आठवत नाही. ‘‘मग बे, आधी का नाही वापरलं?’’ एवढंच एक मित्र पुन्हापुन्हा विचारत होता. पाचव्या पुस्तकात (२००३) लेखिकेने अशा यंत्रांचा सरकारी साठाच फोडून टाकला. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. एखादी सोय सांभाळता येईनाशी झाली की पुढच्या आवृत्तीतून ती गुपचूप काढून टाकतो.

‘आधी का नाही वापरलं’ हा प्रश्न मला नव्या जमान्याचा वाटायचा. पण मीही तो लहानपणी आजीला विचारला होता, आणि ज्या गोष्टीवर विचारला होता ती इथून सत्तरएक किलोमीटरवर, पंढरपुरात घडते.

गोष्ट परिसा भागवताची. त्याने रुक्मिणीची आराधना केली आणि तिच्याकडून परीस मिळवला. लोखंडाला लावला की सोनं. ही गोष्ट त्याची बायको कमळजा हिने मैत्रीण राजाईला सांगितली. राजाई म्हणजे नामदेवांची बायको. नामदेव दिवसभर विठ्ठलापाशी, आणि घरात दाणा नाही. कमळजेने गुपचूप परीस दिला, राजाईने थोडं लोखंड सोन्याचं केलं, बाजार केला, स्वयंपाक केला. नामदेव घरी आले, हे कुठून आलं म्हणून विचारलं, आणि परीस उचलून चंद्रभागेत टाकून दिला. मग गावभर बोभाटा. परिसा भागवत आपला परीस मागायला आला, तेव्हा नामदेवांनी नदीत हात घालून ओंजळभर खडे काढले आणि म्हणाले, तुझा कुठला तो ओळखून घे. लोखंड लावून पाहिलं तर सगळेच परीस. महिपतीने ‘भक्तविजया’त (१७६२) ही कथा सांगितली आणि तिथून ती कीर्तनांत, घराघरांत पसरली.

आता परीस ह्या कल्पनेतली गोम बघा. सोनं महाग का, तर ते कमी आहे म्हणून. परीस हाती आला की सोनं हवं तेवढं, म्हणजे सोन्याला सोनेपण देणारी गोष्टच गेली. परिसाचा फायदा फक्त तो एकाकडेच असेपर्यंत आणि कुणाला ठाऊक नसेपर्यंत. जगातल्या परीसकथा ही अडचण बहुतेक वेळा टाळतात. राजा सोन्याचे डोंगर करतो आणि बाजारभाव जागचा हलत नाही. प्रत्यक्षात तो हलतो. नामदेवांच्याच हयातीत (१२७०–१३५०), १३२४ साली, मालीचा राजा मनसा मूसा हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव कोसळला. बारा वर्षांनी अल-उमरी हा लेखक कैरोत आला, तेव्हाही लोक त्याच मंदीबद्दल बोलत होते.

चंद्रभागेच्या काठी नामदेव हेच करून दाखवतात. ते परीस खोटा ठरवत नाहीत, चमत्कार नाकारत नाहीत, फक्त पुरवठा वाढवतात. एक परीस म्हणजे संपत्ती, ओंजळभर परीस म्हणजे वाळू. उपदेश वैराग्याचा आहे हे खरं, पण तो पटतो तो गणितामुळे. ज्या कथेत जादूचं भोक जादूनेच दाखवून दिलंय अशी दुसरी कथा मला चटकन सांगता येणार नाही.

जुन्या गोष्टी भाबड्या असतात असं आपण धरून चालतो, पण नियमांच्या बाबतीत त्या बऱ्याचदा आपल्यापेक्षा चोख निघतात. हिरण्यकशिपूने मागितलेला वर म्हणजे वकिलाकडून तपासून घेतलेला करारनामा: घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, माणूस नको, पशू नको. नरसिंह त्यातला एकही शब्द मोडत नाही. उंबरा, संध्याकाळ, अर्धा सिंह. प्रत्येक दोन अटींच्या मधली फट हुडकतो. आमच्याकडे टेस्टिंगला बसणाऱ्यांना ही कथा सक्तीची करावी.

वेताळाचं तर विचारूच नका. प्रेत खांद्यावर घेऊन विक्रमाने गप्प राहायचं, बोलला की वेताळ परत झाडावर. पण वेताळ गोष्ट सांगून प्रश्न विचारतो आणि वर धमकी देतो, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल. म्हणजे बोलावं तर काम फसतं, न बोलावं तर जीव जातो. मला लहानपणी वाटायचं, राजाने ‘माहीत नाही’ अशी थाप मारावी. पण तो रस्ताही बंद आहे, कारण शिक्षा गप्प बसण्याला नाही, माहीत असून गप्प बसण्याला आहे. सुटका एकच: उत्तर खरोखर माहीत नसणं. शेवटच्या गोष्टीत तेच होतं. बाप आणि मुलगा चुकामुकीने एका मुलीशी आणि तिच्या आईशी लग्न करतात, बाप मुलीशी, मुलगा आईशी. तर त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजाला सांगता येत नाही, आणि न सांगता आल्यामुळेच तो जिंकतो. ह्या कथा अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहेत, आणि तो ग्रंथ ज्या ‘बृहत्कथे’वर उभा आहे तिचा कर्ता गुणाढ्य दंतकथेप्रमाणे आमच्या पैठणचा, सातवाहनाच्या दरबारातला. त्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोक लिहिले, राजाने नाकारले, त्याने सहा लाख जाळले. चूक उमगलेल्या राजाच्या हाती एक लाख लागले.

अरबी कथांतसुद्धा अशी शिस्त सापडते. अल्लाउद्दिनाचा महाल दिव्याच्या राक्षसाने उचलून आफ्रिकेत नेल्यावर तो अंगठीच्या राक्षसाला म्हणतो, महाल परत आण. राक्षस म्हणतो, ते माझ्या हातात नाही, ते दिव्याच्या चाकरांचं काम; तुला मात्र मी तिथवर पोचवतो. कुणाला कशाची परवानगी आहे हे इतकं स्वच्छ आमच्या कंपनीच्या सर्व्हरवरही लिहिलेलं नसतं.

मग ही शिस्त मराठीत गेली कुठे? आपण ‘नॉव्हेल’ला कादंबरी म्हणतो, ते नाव बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत कथेवरून आलंय. ती शाप, उलटशाप आणि पुनर्जन्म ह्यांची कथा. शेजारच्या कन्नडनेही तोच शब्द उचलला, त्यामुळे सोलापुरातल्या मराठी आणि कन्नड घरांत तरी नॉव्हेलचं नाव एकच. तिथे पुंडरीक चंद्राला शाप देतो तर चंद्र उलटून त्यालाच शाप देतो. शाप फुकट देता येत नाही. पण छापखान्याच्या काळात जी अद्भुत कादंबरी मराठीत आली, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), नारो सदाशिव रिसबूडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आणि त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी, त्या वाचताना माझ्यातला टेस्टर हैराण होतो. ताटातूट होते, लोक नाहीसे होतात, नेमक्या वेळी नेमका माणूस नेमक्या रानात भेटतो. जादूचं बरंचसं काम योगायोगाने उरकलं जातं, आणि योगायोग ही सगळ्यांत वाईट जादू, कारण तिला अट नाही, किंमत नाही, ती संपत नाही. ‘आधी का नाही वापरला’ हा प्रश्न तिला विचारताच येत नाही.

हे लेखकांना कळत नव्हतं असं मला वाटायचं. मग ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेबद्दल वाचलं. रिसबूड तिथे जे म्हणतात त्याचा मथितार्थ असा: आमच्या लग्नाच्या चालींमुळे आणि इतर काही कारणांनी आम्हा हिंदूंच्या आयुष्यात ना चटकदार दुर्गुण सापडतात ना सद्गुण, रोज घडतं तेच लिहिलं तर त्यात रंजक काही नाही, म्हणून करमणुकीचं पुस्तक लिहायचं तर अद्भुताचाच आसरा घ्यावा लागतो.

हे वाचून मी थोडा वेळ गप्पच होतो. माणूस सरळ आपल्या रचनेतली अडचण सांगतोय. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न ठरलेलं, मग प्रेम कुठे जमायचं, विरह कुठून आणायचा? प्लॉटला माल नाही, म्हणून राजपुत्र आणा, रान आणा. त्याचं निदान चोख आहे. चूक एकच, पण ती पायात आहे: घरात काही घडत नाही हे गृहीतक.

कारण बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ त्याआधी अकरा वर्षांपूर्वी, १८५७ सालीच, छापून झालं होतं. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर फिरते आणि ठिकठिकाणी विधवांची कहाणी ऐकते, पुढे स्वतःही विधवा होते. पुस्तक धर्मप्रचाराचं आहे, कथा म्हणून ते ठिकठिकाणी अडखळतं, मला ते एका बैठकीत वाचवलं नाही. पण ज्या लग्नाच्या चालींमुळे गोष्ट होत नाही असं रिसबूड म्हणतात, त्याच चालींतून पदमनजींना गोष्टींवर गोष्टी मिळाल्या. १८९०मध्ये हरी नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. यमूचं लहानपण, लग्न, सासर, वैधव्य, केशवपन. एकही राक्षस नाही, एकही दिवा नाही, आणि वाचताना पुढचं पान उलटायची भीती वाटते.

म्हणून त्या कादंबऱ्यांत नियम सुटले ह्याचा दोष मी अद्भुताला देत नाही. नामदेवाच्या गोष्टीत परीस घरच्या उपासमारीतून येतो, म्हणून त्याला मर्यादाही घरातूनच मिळते. ‘मंजुघोषे’तलं अद्भुत घरात काही नाही असं ठरवून बाहेरून मागवलेलं, त्याला आवरणार कोण?

आता आजीला विचारलेला तो प्रश्न. माझं म्हणणं असं होतं, की नामदेवांना नदीतला प्रत्येक खडा परीस करता येत होता तर त्यांनी तो आधीच का केला नाही, घरात उपास का काढले. आजी तांदूळ निवडत होती. हिशोब तिला मान्य नव्हता असं नाही, पण तिची अडचण वेगळ्याच जागी होती. ती म्हणाली, ‘‘देवाचं देवाला ठाऊक रे बाबा. पण त्याने तो दगड नदीत टाकला ना, मग दुसऱ्या दिवशी राजाईने चुलीवर काय ठेवलं ते कुणीच सांगत नाही.’’

मी तेव्हा हसलो होतो. नामदेवांच्या गाथेत राजाईच्या नावाचे अभंग आहेत, सासू गोणाईच्या नावाचेही आहेत, आणि त्यांत दोघी संसाराचं गाऱ्हाणं घालतात, हे मला फार नंतर कळलं. आजीला ते माहीत होतं का, हे विचारायचं राहून गेलं.