जहाज समुद्रात, नियम बदलला: क्युबाच्या क्रूझची तीन वर्षं

आजचा विषय आहे अमेरिकेतून क्युबाला जाणारी क्रूझ. नाव ऐकून सुट्टीचा विषय वाटेल, पण हा सगळा मामला नियमांचा आहे.

तर तारीख ४ जून २०१९, मंगळवार. 'कार्निव्हल सेन्सेशन' नावाचं जहाज फ्लोरिडाहून निघून समुद्रात होतं. गुरुवारी हवानाला पोचायचं होतं. आणि त्या दिवशी वॉशिंग्टनमधून घोषणा झाली की अमेरिकेतून निघणाऱ्या प्रवासी जहाजांनी यापुढे क्युबाला जायचं नाही. यापुढे म्हणजे कधीपासून? तर उद्यापासून! महिन्याची मुदत नाही, आधी बुकिंग केलेल्यांना सूट नाही. जहाजाने दिशा बदलली आणि हवाना बघायला निघालेली माणसं मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर जाऊन उतरली. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने सांगितलं की जवळजवळ ८ लाख प्रवाशांच्या बुकिंगवर याचा परिणाम झालाय.

माझ्या क्षेत्रात शुक्रवारी संध्याकाळी लाइव्ह सिस्टिममध्ये बदल करणाऱ्या माणसाकडे सगळे रागाने बघतात. इथे एका सरकारने तेच केलं, तेही माणसं जहाजावर असताना. पण प्रश्न असा की हे एका रात्रीत होऊच कसं शकतं? संसदेत मतदान नाही, चर्चा नाही. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

फ्लोरिडाचं दक्षिण टोक म्हणजे की वेस्ट. तिथून क्युबा साधारण १४५ किलोमीटर. म्हणजे आपलं मुंबई-पुणे. १९५९ मध्ये फिदेल कॅस्ट्रोची क्रांती झाली, १९६० मध्ये नव्या सरकारने अमेरिकन कंपन्यांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडींनी क्युबाशी व्यापार बंद केला. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असलेला भाग १९६३ चा. त्या वर्षी अमेरिकेच्या अर्थखात्याने क्युबासाठी एक नियमावली काढली. तिचा आधार होता शत्रूशी व्यापार करण्यावर बंदी घालणारा १९१७ सालचा, म्हणजे पहिल्या महायुद्धातला कायदा.

या नियमावलीची गंमत नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्युबात पाऊल ठेवू नका असं ती म्हणत नाही. तिथे पैसे खर्च करू नका, असं म्हणते. खोली, जेवण, टॅक्सी, बंदराची फी, सगळा व्यवहार बंद. आणि हवा असेल तर अर्थखात्याचं लायसन्स घ्या. आता पैसे खर्च न करता कोण फिरून येणार? आणि हा नियम फक्त अमेरिकन नागरिकांना नाही बरं का. अमेरिकेच्या हद्दीत असलेल्या कुणालाही तो लागू आहे. म्हणजे एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत राहणारा आपला पुण्याचा इंजिनिअरसुद्धा त्यात आला. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून सुटका नाही.

आपल्याकडे कायदा वेगळा आणि जीआर वेगळा, हे शिक्षक भरतीची वाट बघणाऱ्या कुणालाही विचारा, छान समजावून सांगेल. कायदा बदलायला विधानसभा लागते. जीआर मंत्रालयातून निघतो, आणि तिथूनच दुसरा जीआर काढून फिरवताही येतो. क्युबाला जायची परवानगी ही कायम जीआरच्या पातळीवरची गोष्ट राहिली.

याचा पहिला अनुभव २०१६ च्या कितीतरी आधी आला होता. १९७७ मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी प्रवासावरचे निर्बंध सैल केले. लगेच मे महिन्यात 'डॅफ्ने' नावाचं जहाज न्यू ऑर्लिन्सहून हवानाला गेलं. त्यावर कोण होतं माहितीये? डिझी गिलेस्पी, स्टॅन गेट्झ, अर्ल हाइन्स. जॅझ ऐकणाऱ्यांना ही नावं म्हणजे काय ते सांगायला नको. हवानात आर्तुरो सँडोव्हल नावाचा एक तरुण ट्रम्पेटवादक होता आणि गिलेस्पी त्याचं दैवत. सँडोव्हल नंतर मुलाखतींमधून सांगत आलाय की त्याने दिवसभर गिलेस्पीला आपल्या गाडीतून शहर दाखवलं, पण आपण वाजवतो हे सांगितलंच नाही. संध्याकाळी मंचावर ट्रम्पेट घेऊन उभा राहिला तेव्हा गिलेस्पीला कळेना, माझा ड्रायव्हर तिथे काय करतोय! पुढे दोघांनी बरीच वर्षं एकत्र काम केलं आणि १९९० मध्ये सँडोव्हलने क्युबा कायमचा सोडला.

एका जहाजाच्या फेरीने एवढं घडलं. पण १९८२ मध्ये रेगन सरकारने खर्चाचे निर्बंध पुन्हा आवळले आणि दार बंद. लोक कोर्टात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. म्हणजे एका न्यायमूर्तीच्या मताने पुढच्या पिढ्यांचा प्रवास ठरला.

यानंतर एक महत्त्वाचा फरक पडला. २४ फेब्रुवारी १९९६ ला क्युबाच्या लढाऊ विमानांनी मायामीतल्या क्युबन निर्वासितांच्या एका संघटनेची दोन छोटी विमानं पाडली. चार माणसं गेली. अमेरिकेत संताप उसळला आणि काही आठवड्यांत हेल्म्स-बर्टन कायदा आला. व्यापारबंदी आता खऱ्या कायद्यात पक्की झाली. राष्ट्राध्यक्षाच्या मनात आलं म्हणून ती उठवता येणार नव्हती. पाठोपाठ २००० साली दुसऱ्या एका कायद्याने क्युबात निव्वळ पर्यटनासाठी जायला साफ बंदी घातली.

आता ओबामांकडे या. १७ डिसेंबर २०१४ ला त्यांनी आणि राउल कॅस्ट्रोंनी एकाच दिवशी जाहीर केलं की संबंध सुधारायचे. पण कायदा हातात नव्हता, होती फक्त नियमावली. तिच्यात प्रवासाची १२ कारणं होती: कुटुंबाला भेटणं, पत्रकारिता, धर्मकार्य, संशोधन वगैरे. जानेवारी २०१५ पासून या कारणांसाठी वेगळा अर्ज करायची गरज उरली नाही. त्यातलं एक कारण म्हणजे 'लोकांनी लोकांना भेटणं'. म्हणजे तुम्ही पर्यटक नाही, तुम्ही क्युबन माणसांशी संवाद साधायला आलेले शैक्षणिक पाहुणे आहात. दिवसभराचा कार्यक्रम तसा आखलेला हवा, आणि त्याच्या नोंदी ५ वर्षं जपून ठेवायच्या. मोहिटो पिताना वेटरशी गप्पा मारल्या तर ते शिक्षण की पर्यटन, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाशी सोडवायचा.

क्रूझ कंपन्यांनी हाच दरवाजा वापरला. कार्निव्हल कंपनीला जुलै २०१५ मध्ये अमेरिकेची परवानगी मिळाली, मार्च २०१६ मध्ये क्युबाची. आणि तिथे एक भलताच काटा निघाला. क्युबाचाच नियम होता की क्युबात जन्मलेल्या माणसाने समुद्रमार्गे यायचं नाही. विमानाने चालेल, जहाजाने नाही. शीतयुद्धातली ही भीती होती, कारण १९६१ चं बे ऑफ पिग्जचं आक्रमण समुद्रातूनच आलं होतं आणि ते करणारे निर्वासित क्युबनच होते. कार्निव्हलने सरळ क्युबात जन्मलेल्यांना तिकीट विकायला नकार दिला. मायामीत, जिथे दर चार घरांआड एक क्युबन कुटुंब!

विचार करा, तुम्ही सहा महिन्यांचे असताना आईवडिलांनी देश सोडला. आता तुमच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे. शेजारचा जर्मन आडनावाचा माणूस तुमच्या गावाला जहाजाने जाऊ शकतो, तुम्ही नाही. आणि हे सांगणारी कंपनी तुमच्याच शहरातली. निदर्शनं झाली, खटला झाला, परराष्ट्रमंत्री जॉन केरींनीही भेदभाव नको असं सुनावलं. मग कंपनीने भूमिका बदलली: सगळ्यांना तिकीट देऊ, क्युबाने नियम बदलला नाही तर जहाजच पुढे ढकलू. २२ एप्रिलला क्युबाने तो नियम मागे घेतला. मला या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन सरकारं जे ५० वर्षं हलवत नव्हती, ते तिकिटाच्या खिडकीवरच्या भांडणाने काही दिवसांत हललं. अर्थात अटी संपल्या नाहीत. १९७० नंतर देश सोडलेल्यांना क्युबाचा पासपोर्ट काढावाच लागत होता.

१ मे २०१६ ला 'अडोनिया' नावाचं सुमारे ७०० प्रवाशांचं जहाज मायामीहून निघालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवानात शिरलं. जवळजवळ ४० वर्षांनी अमेरिकेतून आलेली क्रूझ. किनाऱ्यावर लोक झेंडे घेऊन उभे होते. सगळ्यात आधी उतरलेल्यांमध्ये कंपनीचेच मुख्य कायदा अधिकारी होते, जन्माने क्युबन.

पुढची तीन वर्षं रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन अशा बाकीच्या कंपन्याही आल्या. जहाज लागलं की बंदरासमोर गुलाबी-निळ्या जुन्या शेव्हरोले गाड्यांची रांग लागायची. काही तटस्थ निरीक्षक म्हणायचे की क्रूझचा प्रवासी झोपतो जहाजावर, जेवतो जहाजावर, बंदराची फी जाते सरकारला, मग सामान्य क्युबन माणसाला काय? मुद्दा खरा आहे. घरगुती खोल्या भाड्याने देणाऱ्यांना क्रूझचा फारसा उपयोग नव्हता. पण गाडीवाला, गाइड, हस्तकलेचा स्टॉलवाला, दुपारचं जेवण देणारी खानावळ, यांचा धंदा जहाजाच्या वेळापत्रकावर चालायला लागला होता. लोकांनी कर्ज काढून, नातेवाइकांकडून पैसे मागवून गाड्या नीट करून घेतल्या होत्या. त्यांच्यासाठी हे वेळापत्रक मायामीत नाही, वॉशिंग्टनमध्ये ठरत होतं.

इशारा मिळाला होता. जून २०१७ मध्ये ट्रम्प यांनी मायामीत जाऊन ओबामांचा करार रद्द करतोय असं जाहीर केलं. पण तेव्हा क्रूझ वाचल्या. उलट एकट्याने जाण्यावर बंधनं आल्यामुळे गटाने जाणाऱ्या क्रूझचं फावलंच. सगळ्यांना वाटलं, आपण सुटलो.

मग ४ जून २०१९. इथे एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो, म्हणजे वाचून हसू आणि राग एकदम येतो. अर्थखात्याने गटाने जाणाऱ्या प्रवाशांची परवानगी काढली, पण ज्यांनी आधीच विमान किंवा खोली बुक केली होती त्यांना सवलत दिली. मात्र जहाज हा वाणिज्य खात्याचा विषय! कारण अमेरिकेतून क्युबाला जहाज नेणं म्हणजे तात्पुरती निर्यात. आणि वाणिज्य खात्याने कुठलीही सवलत दिली नाही. म्हणजे प्रवाशाचं रिझर्व्हेशन चालू, पण एसटीचं परमिट रद्द. रॉयल कॅरिबियनचं 'एम्प्रेस ऑफ द सीज' ५ जूनला हवानात होतं. ते निघालं आणि त्यानंतर आजपर्यंत अमेरिकेतून एकही क्रूझ तिथे लागलेली नाही.

बायडन आले, २०२२ मध्ये गटाने जायची परवानगी परत दिली, पण जहाजांना दिली नाही. १४ जानेवारी २०२५ ला त्यांनी क्युबाला दहशतवाद पुरस्कृत करणाऱ्या देशांच्या यादीतून काढायचं जाहीर केलं. २० जानेवारीला ट्रम्प पुन्हा आले आणि त्याच दिवशी तो निर्णय फिरवला. सहा दिवस. आमच्या टीममधला कोडचा रिव्ह्यूसुद्धा याहून जास्त चालतो.

आता शेवटचा भाग, आणि कंपन्यांसाठी सर्वांत कडू. हेल्म्स-बर्टन कायद्यात एक कलम होतं: क्रांतीत हिसकावलेली मालमत्ता आज कुणी वापरत असेल तर मूळ अमेरिकन मालकाने त्याच्यावर खटला भरावा. क्लिंटनपासून प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने हे कलम स्थगित ठेवलं, कारण युरोप-कॅनडाशी भांडण नको होतं. ट्रम्प यांनी २ मे २०१९ पासून ते लागू केलं. त्याच दिवशी हवाना डॉक्स नावाच्या कंपनीने कार्निव्हलला कोर्टात खेचलं. हवानाच्या धक्क्यांचा ९९ वर्षांचा करार त्यांच्याकडे होता, १९६० मध्ये तो गेला. १९७१ मध्ये अमेरिकन आयोगाने त्यांचं नुकसान सुमारे ९२ लाख डॉलर धरलं होतं.

कंपन्या म्हणाल्या, अहो, आम्हाला सरकारनेच परवानगी दिली होती! २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या न्यायाधीश बेथ ब्लूम यांनी सांगितलं की तुम्ही जे केलं ते पर्यटन होतं, पर्यटनाला कायद्याने बंदी आहे, आणि अर्थखात्याचं लायसन्स कायद्याच्या वर नाही. चार कंपन्यांना प्रत्येकी सुमारे ११ कोटी डॉलर भरायचा आदेश झाला. म्हणजे ज्या 'शैक्षणिक पाहुणे' या शब्दावर सगळं उभं होतं, तोच कोर्टात टिकला नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वरच्या कोर्टाने २ विरुद्ध १ मतांनी हा निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं असं की क्रांती झालीच नसती तरी धक्क्यांचा करार २००४ मध्ये संपणारच होता, आणि जहाजं आली २०१६ मध्ये. मग त्यांनी नेमकं कुणाचं काय वापरलं? हवाना डॉक्सने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे नेला.

पुढच्या भागात भेटू. आणि अमेरिकेत राहून क्युबाला जायचा विचार असेलच, तर ती १२ कारणांची यादी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा उघडून बघा.