करमणुकीचा महसूल

करमणुकीच्या उद्यानांचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यांनी पाळण्यांची उंची, दिव्यांची संख्या आणि उद्घाटनास आलेल्या थोरामोठ्यांची नावे मोठ्या अगत्याने नोंदवून ठेवली. परंतु त्या उद्यानाच्या दारात एका हाताने धाकट्याचे मनगट धरून दुसऱ्या हाताने खिशातल्या नोटा चाचपीत उभ्या असलेल्या कुटुंबप्रमुखाच्या मनात त्या घटकेला जो हिशेब चाललेला असतो, त्याला मात्र त्या दप्तरात फारशी जागा मिळाली नाही. या व्यवसायाचे खरे चरित्र त्या हिशेबातच आहे, असे मला वाटते. पैसा नेमका कशाबद्दल घ्यावयाचा, पाळण्यात बसल्याबद्दल, फाटकातून आत आल्याबद्दल, की रांगेत ताटकळण्याचे वाचवल्याबद्दल, या प्रश्नाची उत्तरे गेल्या तीन शतकांत बदलत गेली, आणि प्रत्येक बदलाबरोबर सहकुटुंब सहल आखण्याची रीतही बदलली.

लंडनच्या व्हॉक्सहॉल उद्यानाचा पट्टा १७२९ मध्ये जोनाथन टायर्स याने घेतला आणि पुढे तेथील प्रवेशमूल्य एक शिलिंग ठरवले. हे शिलिंग १७९२ पर्यंत टिकले. इतका दीर्घ काळ भाव स्थिर ठेवणाऱ्या मालकाच्या औदार्याची स्तुती करण्यापूर्वी तेथल्या खानपानाचे दर पाहणे इष्ट, कारण तेथे मिळणारे डुकराच्या मांसाचे काप इतके पातळ असत की वाकबगार कापणाऱ्याला एकाच मांडीच्या कापांनी सबंध बाग झाकून काढता येईल, अशी त्या काळी लंडनकरांची थट्टा होती. दारात सवलत द्यावी आणि ताटात वसूल करावी ही युक्ती, म्हणजे, आजच्या उद्यानांच्या उपाहारगृहांनी शोधून काढलेली नव्हे. पुढे १८४३ मध्ये कोपनहेगन येथे गेओर्ग कार्स्टेनसेन याने टिव्होली उघडले, तेव्हा रयत रमली की राजकारणाचा विचार करीत नाही, असा युक्तिवाद करून त्याने डेन्मार्कच्या राजाकडून परवाना मिळवला, असे सांगतात. एखाद्या अर्जदाराने सरकारची नाडी इतकी अचूक ओळखल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

परंतु ज्याला आपण सामान्य माणसाची चैन म्हणू, ती खऱ्या अर्थाने उदयास आली अमेरिकेत, आणि तिचे मूळ वीजकंपन्यांच्या जमाखर्चात होते. ट्रामच्या कंपन्यांना विजेचे बिल महिन्याकाठी ठोक भरावे लागे. आठवड्याचे पाच-सहा दिवस कामगारांनी गाड्या भरून जात आणि रविवारी त्याच गाड्या त्याच खर्चात रिकाम्या धावत. तेव्हा मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर तळे, नाचघर, लाकडी घोड्यांचे चक्र असे काही उभारावे आणि रविवारची माणसे तिकडे ओढावीत, अशी तजवीज अनेक शहरांतून झाली. या उद्यानांपैकी कित्येकांत प्रवेश मोफत असे, कारण खरा महसूल ट्रामच्या भाड्यातून आधीच जमा झालेला असे.

न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यावरील कोनी आयलंड हा या सर्वांचा मुकुटमणी. तेथे स्टीपलचेस उद्यान १८९७ मध्ये उघडणारा जॉर्ज टिल्यू हा गृहस्थ मधुचंद्रासाठी १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेला, आणि तेथे २६४ फूट उंचीचा, प्रत्येकी साठ माणसे मावतील अशा छत्तीस डब्यांचा, फेरिस नामक अभियंत्याने उभारलेला आकाशपाळणा पाहून त्याची मती गुंग झाली. त्या पाळण्याची एक बैठक पन्नास सेंटांची, म्हणजे सबंध प्रदर्शनाच्या प्रवेशाइतकीच महाग होती, आणि तरीही लोक रांगा लावून बसत, ही गोष्ट त्याने विशेष ध्यानात ठेवली असावी. तो पाळणा विकत घेण्याचा त्याचा बेत फसला. तेव्हा निम्म्याहून कमी उंचीचा पाळणा मागवून, जगातला सर्वांत मोठा पाळणा या जागी उभा राहणार आहे, अशी पाटी त्याने परतल्यावर बेधडक ठोकून दिली. १९०७ साली त्याचे उद्यान जळाले, तर दुसऱ्याच दिवशी धुमसणारे अवशेष पाहण्यासाठी त्याने दहा सेंटांचे तिकीट लावले. अशा माणसाला धूर्त म्हणावे की थोर, हे ज्याने त्याने ठरवावे; पण पंचवीस सेंटांच्या एकाच तिकिटात सगळे खेळ देण्याची त्याची पद्धत गरीब कुटुंबांना मोठीच सोयीची होती, यात शंका नाही, कारण घरून निघतानाच दिवसाचा खर्च किती हे त्यांना ठाऊक असे. १९१६ मध्ये नेथन हँडवर्कर याने शेजारच्या दहा सेंटांच्या दुकानाला टक्कर देत पाच सेंटांत पाव-सॉसेज विकण्यास आरंभ केला, आणि १९२० मध्ये पाच सेंटांच्या भाड्यात भुयारी रेल्वे थेट किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचली. जाण्याचे पाच, खाण्याचे पाच आणि येण्याचे पाच: शिवणयंत्रावर आठवडा घालवणाऱ्या मजुराला समुद्र आणि गर्दी यांचा लाभ एवढ्यात होई.

कॅलिफोर्नियातील एका उद्यानाची कथा याहून निराळी, आणि मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. बुएना पार्क या गावी रस्त्याकडेला बोरीवर्गीय फळे विकणाऱ्या वॉल्टर नॉट याच्या पत्नीने, कॉर्डेलियाने, मंदीच्या काळात, १९३४ च्या जूनमध्ये एके दिवशी, आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या बशा काढून आठ गिऱ्हाइकांना तळलेल्या कोंबडीचे जेवण प्रत्येकी पासष्ट सेंटांत वाढले. चव लोकांच्या जिभेवर बसली आणि काही वर्षांतच जेवणासाठी तासन्‌तास ताटकळणाऱ्यांची रीघ लागू लागली. भुकेली माणसे आणि कंटाळलेली मुले यांना इतका वेळ कोठे गुंतवावे, या विवंचनेतून वॉल्टरने १९४० पासून तेथे जुन्या पश्चिमेचे एक ओसाड गाव उभे करण्यास घेतले: लाकडी दुकाने, सोने शोधणाऱ्यांच्या झोपड्या, तुरुंग, सारे काही. अन्यत्र उद्यान आधी आणि रांग मागाहून; येथे मात्र रांग आधी आली आणि तिच्यासाठी उद्यान निर्माण झाले. विशेष हे की या गावाला १९६८ पर्यंत कुंपणच नव्हते. आत फिरण्याचे काहीएक मोल नव्हते, आणि जेवण परवडत नसेल तर नुसते गाव पाहून परत जाण्यास कोणाची आडकाठी नसे.

तेथून काही मैलांवर, अ‍ॅनाहाइमच्या संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या सुमारे १६० एकर जमिनीवर, वॉल्ट डिस्ने याने १९५५ मध्ये जे उद्यान उघडले, त्याच्यामुळे या व्यवसायाचा सारा दस्तूरच पालटला. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ उद्यानात मुली लाकडी घोड्यांवर बसलेल्या असताना आपण बाकावर नुसते बसून राहतो, आईबापांना मुलांच्या बरोबरीने रमता येईल असे स्थळ का असू नये, हा विचार त्याच्या मनात तेथे आला, असे तो सांगे. त्याच्या सल्लागारांनी हा बेत जेव्हा शिकागो येथे जुन्याजाणत्या उद्यानमालकांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो निक्षून मोडीत काढला: बागा, किल्ला, सुशोभित रस्ते यांवर इतका पैसा घालायचा की ज्यातून एक सेंटही वसूल होणार नाही, आणि वर सबंध जागेला दरवाजा एकच! डिस्नेने दरवाजा एकच ठेवला. त्या दरवाज्यापाशी पैसा घेण्यात महसुलापेक्षा बंदोबस्ताचा हेतू अधिक होता. ज्याला काहीच भरावे लागत नाही असा टवाळ आत येऊ नये, एवढाच त्याचा मतलब. एकच दरवाजा ठेवल्याने जो गरीब आत येऊ शकला नाही, त्याची नोंद या युक्तिवादात कोठेच नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

१७ जुलैचा पहिला दिवस फजितीचा गेला. बनावट निमंत्रणपत्रे घेऊन हजारो माणसे शिरली, नुकत्याच अंथरलेल्या डांबरात स्त्रियांच्या टाचा रुतल्या, आणि नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे कित्येक नळ कोरडे राहिले. ती हकीकत सर्वत्र सांगितली जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या तीन महिन्यांत घडली. मोठ्यांना प्रवेश एक डॉलर, मुलांना पन्नास सेंट, आणि आत प्रत्येक खेळाचे निराळे पैसे, अशी व्यवस्था होती. त्यामुळे बापाचा हात दिवसभर खिशातच आणि मुलांचे डोळे त्या हाताकडे, असा प्रकार होऊ लागला. यावर तोड म्हणून ऑक्टोबर १९५५ मध्ये तिकिटांची पुस्तिका निघाली: अडीच डॉलरांत प्रवेश आणि आठ खेळ. अमेरिकेत त्या वर्षी किमान मजुरी ताशी पाऊण डॉलर होती, म्हणजे अगदी तळच्या मजुराला एका माणसाच्या सहलीसाठी तीन तासांहून थोडे अधिक राबावे लागे.

या पुस्तिकेतील तिकिटांना ए, बी, सी अशी अक्षरे होती. १९५६ मध्ये डी आले, आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्नची डोंगरगाडी, पाणबुडी व मोनोरेल सुरू होताच ई हे सर्वांत महागडे तिकीट आले. ए म्हणजे रस्त्यावरून धावणारी घोड्याची गाडी वगैरे किरकोळ गमती. ई म्हणजे ज्यासाठी मुलांनी वर्षभर हट्ट धरलेला तो खेळ. आता प्रत्येक पुस्तिकेत ई तिकिटे मोजकीच असत आणि ए मात्र हवी असोत वा नसोत, पदरात पडत. त्यामुळे सकाळी पुस्तिका हाती आल्याबरोबर कुटुंबात जी मसलत सुरू होई, तिला अंदाजपत्रकावरील चर्चेचीच कळा येई. मोठ्याला डोंगरगाडी दोनदा हवी, धाकटीला पाणबुडीची भीती, तर तिचे ई तिकीट दादाला द्यावे आणि त्याचे सी तिने घ्यावे, असे तहनामे बाकावर बसून होत. दिवस संपला तरी ए आणि बी उरतच. ती वाया जात नसत, पुढच्या खेपेला चालत, म्हणून ती घरोघर खणांत पडून राहिली. सहलीची पूर्वतयारी, खेळांचा अग्रक्रम, कोणता खेळ केव्हा गाठावा याची खलबते, ज्यांवर आज जाडजूड मार्गदर्शिका लिहिल्या जातात, त्या सर्वांचे शिक्षण अमेरिकेच्या मध्यमवर्गाला या कागदी पुस्तिकेने दिले. १९८३ मध्ये अवकाशात गेलेल्या सॅली राइड या पहिल्या अमेरिकी स्त्रीने आपल्या उड्डाणाचे वर्णन करताना या ई तिकिटाचाच दाखला दिला. पुस्तिका स्वतः मात्र आदल्याच वर्षी बंद झालेली होती.

ती बंद पडण्याचे कारण टेक्सासात होते. अ‍ॅंगस विन याने १९६१ मध्ये आर्लिंग्टन येथे सिक्स फ्लॅग्स उघडताना मोठ्यांसाठी पावणेतीन डॉलर एकदाच घेऊन दिवसभर सारे खेळ खुले ठेवले. टिल्यूचीच युक्ती, पण मोठ्या आकाराची. आणि ती इतकी लोकप्रिय झाली की हळूहळू सर्वांना तिचा अंगीकार करावा लागला. दरवाज्याशी एकदा घाव सोसला की आत मन मोकळे, हा या पद्धतीचा गुण. धाकट्याला सोबत करण्यासाठी आलेली, कोठेच न बसणारी आजीही पूर्ण तिकीट भरते, हा तिचा दोष.

आपल्याकडे ही पद्धत थेट याच स्वरूपात आली. आपली जुनी रीत मात्र निराळी: माहीमच्या उरुसात किंवा बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मैदान सर्वांचे असते. पाळण्यात बसेल त्याने पैसे द्यावेत, न बसेल त्याने वर पाहत उभे राहावे. १९८९ मध्ये सुभाषचंद्र यांनी गोराईला एस्सेलवर्ल्ड उभारले, तेव्हा खाडी ओलांडून बोटीने जावयाचे, आत शिरतानाच सारे पैसे मोजावयाचे, हा अनुभव मुंबईकराला नवा होता. दूरदर्शनवरील जाहिरातीने मुलांना वेड लावले आणि शाळांच्या सहलींनी ते वेड परवडण्याजोगे केले. घाऊक दराने आलेल्या त्या पोरांच्या झुंडींनीच हे नाव उपनगरांपासून पुण्या-नाशिकपर्यंत घरोघर पोहोचवले. सरकारचे लक्षही दरवाज्यावरच असे, कारण १९२३ च्या करमणूक शुल्काच्या कायद्याने कर बसवला तो प्रवेशाच्या रकमेवर. २०१७ मध्ये तो जाऊन वस्तू व सेवा कर आला. अठ्ठावीस टक्क्यांचा तो बोजा पुढल्या वर्षी जानेवारीत अठरावर उतरला, पण भरणाऱ्याला तो तिकिटाच्या आकड्यातच मिसळलेला दिसतो.

दरम्यान अमेरिकेत तिसराच माल विक्रीस आला होता. रांग टाळण्याची वेळ नेमून देणारी फास्टपासची चिठ्ठी डिस्नेच्या उद्यानांत १९९९ मध्ये निघाली ती विनामूल्य होती. २०२१ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी पैसे मोजून घ्यावयाची सोय आली. त्यापूर्वीच, २०१६ मध्ये, एकाच दरवाज्याचे मोल तारखेप्रमाणे बदलू लागले: शाळा चालू असताना मंगळवारी कमी, नाताळच्या सुटीत अधिक. परिणामी ज्याच्या मुलांची शाळा आणि ज्याच्या कचेरीची रजा दोन्ही सरकारी पंचांगाला बांधलेली, त्या गृहस्थालाच नेमका चढा दर पडतो. आणि स्वस्त दिवस त्याला मिळतो, ज्याला रजेची वानवा मुळातच नाही.

काटकसरीचा एक जुना मार्ग मात्र अद्याप शाबूत आहे, तो म्हणजे मुलाचे अर्धे तिकीट. डिस्नेच्या दाराशी तीन वर्षांखालील मूल फुकट आणि नऊपर्यंतचे सवलतीत. तेथे वय सांगावे लागते, आणि एस्टीच्या कंडक्टरपुढे मुलाची वर्षे वाढू न देण्याचा आपला पिढीजात सराव तेथेही उपयोगी पडावा. आपल्याकडील उद्यानांनी ही पळवाट बुजवली. तेथे खिडकीशेजारी खुणा केलेली पट्टी असते आणि मुलाला बूट काढून तिच्यापुढे उभे केले जाते. आई मागून त्याच्या खांद्यावर हलकेच दाब देते, बाप दुसरीकडे पाहतो, आणि मूल गुडघे किंचित वाकवते. मग तासाभराने, रोलर कोस्टरच्या तोंडाशी दुसरी पट्टी येते, तिच्याहून बुटक्याला आत सोडत नाहीत. आणि तेच मूल, तेच खांदे वर ओढून, टाचा उचलून, रखवालदाराच्या नजरेला नजर देऊन उभे राहते.